थेरगावचे फुलबॅक

आमच्या दाजींइतका हट्टी माणूस पवनेच्या दोन्ही काठांवर आजवर झाला नाही, आणि उद्या नदीनं मनावर घेऊन तिसरा काठ काढला तर तिथंही होणार नाही. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, थेरगावचे. उंची बेताची, मिशी उंचीच्या मानानं जास्त, आणि पाय असे, की त्यांच्याबद्दल जरा सवडीनंच सांगायला हवं. जन्मल्यापासून त्यांनी पायात काही घातलं नव्हतं. गरिबीमुळे नव्हे, घरची बैलजोडी होती, नदीकाठची जमीन होती, चपलेला काही कमी नव्हतं. त्यांचं म्हणणं असं, की देवानं पाय तयार करून दिले, वर झाकण दिलं नाही, त्याअर्थी ते लागत नसणार. लग्नात आम्ही त्यांच्यासाठी पुण्याहून नवेकोरे जोडे आणले होते. वडिलांनी ते पुढे ठेवले. दाजींनी जोड्यांना वाकून नमस्कार केला आणि अनवाणीच बोहल्यावर चढले. नवरीचा भाऊ म्हणून मी त्यांचा कान पिळायला गेलो, तेव्हा कानपिळ्याचा मान म्हणून तेच जोडे त्यांनी माझ्या हातात ठेवले. मला ते दोन बोटं मोठे होते. पुढची तीन वर्षं मी बोटांकडे कापूस कोंबून ते वापरले आणि दर पावलाला दाजींची आठवण काढली.

बाभळीच्या काट्यावर दाजींचा पाय पडला तर काटा मोडायचा. वैशाखात दुपारी तापलेल्या फुफाट्यातून आम्ही उड्या मारत जायचो, तर हे मधोमध उभे राहून कुणाशी तरी बैलाच्या किमतीवर बोलत असायचे. रात्री चालताना तळव्यावरून सांगायचे, "पाव्हणं, हितं सांजच्याला पाणी सांडलंय." आणि या पायांना जन्मभराचं काम मिळालं ते लढाईच्या दिवसांत. दिघीच्या बाजूला लष्कराची छावणी पडली होती. तिथं दाजी ठेकेदाराकडे पोती उचलायला जात. संध्याकाळी शिपाई फुटबॉल खेळत. एकदा एक गडी कमी पडला म्हणून शिपायांनी पोत्याखालून दाजींना ओढून काढलं, गोलाच्या अलीकडे डाव्या हाताला, म्हणजे फुलबॅकच्या जागी, उभं केलं आणि खुणेनं सांगितलं, की चेंडू तुझ्या पलीकडे जाता कामा नये. फुटबॉलातलं दाजींना तेवढंच कळलं आणि जन्मभर तेवढंच पुरलं. त्या दिवसाची गोष्ट सांगताना ते शेवटी "न्हाई जाऊ दिला" एवढंच म्हणायचे. पण तिथपर्यंत पोचायला त्यांना अर्धा तास लागायचा.

थेरगाव हे कुस्तीचं आणि बैलांचं गाव. तिथं दाजींनी फुटबॉल आणला. ज्वारी निघाली, की त्या रानात खेळ सुरू व्हायचा. रानभर धसकटं असायची, कापलेल्या ताटांची टोकं, सुरीसारखी. न्हावी, दोन माळी, एक पैलवान, देवळाचा गुरव असा सगळा संघ पाय उचलून उचलून पळायचा; लांबून पाहणाऱ्याला वाटावं, निखाऱ्यांवरून चाललेत. दाजी तेवढे सरळ धावायचे. खेळ नसला तरी डोक्यात तोच. अंगणात भोपळा घरंगळला तर ते तो पायानं अडवायचे. ताई दारात उभी राहिली तर म्हणायचे, "जरा डावीकडं सर, कोपरा उघडा पडलाय." देशाच्या संघाबद्दल तर ते घरच्यांसारखं बोलायचे. खेळाडूंची नावं त्यांना येत नसत, जागेवरून ओळखायचे. "आपला डावा फुलबॅक जरा आजारी हाय म्हनं," असं काळजीनं सांगायचे, की ऐकणाऱ्यानं विचारावं, औषध चालू आहे का.

स्वातंत्र्य मिळालं आणि पुढच्याच वर्षी आपला संघ ऑलिंपिकला थेट गोऱ्यांच्या राजधानीत जाऊन खेळला, आणि बहुतेक जण अनवाणी खेळले, ही बातमी दाजींना कळली तेव्हा त्यांनी बैलांना गूळ चारला. संघ हरला होता, तेही एका गोलानं. पण दाजींच्या लेखी त्याला महत्त्व नव्हतं. "ज्यांनी दीडशे वर्सं बूट दावले, त्येंच्या दारात जाऊन आपल्या पोरांनी पाय दावले," ते पारावर म्हणाले. तेव्हापासून अनवाणी असणं ही त्यांची सवय राहिली नाही. ते त्यांचं निशाण झालं.

चार वर्षांनी दुसऱ्या ऑलिंपिकला आपला संघ एका थंड देशात गेला आणि दहा गोल खाऊन आला. थंडीनं पोरांचे पाय बधिर झाले, असं पेपरात होतं. गावानं दाजींना धारेवर धरलं. दाजींनी वाद घातला नाही. त्यांनी पिंपरी कॅम्पातल्या सोडावॉटरच्या दुकानातून बर्फाची लादी गोणपाटात गुंडाळून आणली, पारापुढे ठेवली आणि तिच्यावर उभे राहिले. शंभर आकडे मोजले. मग उतरून चेंडूला लाथ मारायला गेले आणि चेंडू होता तिथंच राहिला, दाजी तेवढे आडवे झाले. लोक हसले. दाजी बसल्या बसल्या पाय चोळत म्हणाले, "थंडीचं खरं हाय. पायाचा दोस न्हाई." आपली बाजू पडली तरी खोटं बोलायचं नाही, असा हा हट्टी माणूस होता. त्यामुळे त्याच्याशी भांडणंही कठीण होतं.

पुढे वरच्या कुणीतरी ठरवलं, की यापुढे देशाच्या संघानं बूट घालूनच खेळायचं. दाजींनी माझ्याकडून दिल्लीला कार्ड लिहून घेतलं. मजकूर एका ओळीचा होता: 'पायांना कुणी विचारलं का?' उत्तर आलं नाही. दाजी म्हणाले, "बघाल तुमी. पोरं बूट काढून फेकतील आन् तसंच पुढच्या ऑलिंपिकला पात्र ठरतील."

हे चालू असताना पिंपरीला एक नवी फाउंड्री उभी राहिली. लोखंडाचा रस करून सुटे भाग ओतायचे, असं काम. मी तिथल्या टाइम ऑफिसात कारकून म्हणून लागलो आणि ताईच्या आग्रहानं दाजींना यार्डात चिकटवलं. टेम्पररी म्हणून, सहा महिन्यांनी कायम होणार होते. आमचे फोरमनसाहेब पुण्याचे, मनानं चांगले, क्रिकेटचे भक्त. एकदा यार्डात कुणाच्या तरी पायावर लोखंडाचा तुकडा पडला, तेव्हा साहेबांनी सगळ्यांना कंपनीचे बूट वाटले आणि नोटीस लावली, की उद्यापासून बुटांशिवाय कुणी आत येणार नाही. दुसऱ्या दिवशी दाजी आले ते बूट नाड्यांनी गळ्यात अडकवून.

"हे काय?" साहेबांनी विचारलं.

"बुटाबिगर येऊ नका म्हनला. बुटासकट आलोय."

साहेबांनी नोटीस बदलून 'पायात' हा शब्द घातला. मग दाजी फाटकात बूट घालायचे, आत आले की काढून खांबाला टांगायचे, सुटीच्या भोंग्याला पुन्हा घालून फाटकाबाहेर पडायचे आणि बाहेर काढायचे. साहेबांनी समजावलं, की हे तुमच्याच पायांसाठी आहे. दाजी म्हणाले, "माज्या पायांची म्या हमी देतो." साहेब म्हणाले, "तुमच्या हमीवर कंपनी चालत नाही." दाजी म्हणाले, "तुमच्या बुटावर म्या चालत न्हाई." शेवटी साहेबांनी मेमो काढायला सांगितला: एक तारखेपर्यंत बूट वापरले नाहीत तर हजेरीपटावरून नाव कमी. टाइम ऑफिसात टाइपरायटर माझ्याकडे होता. सख्ख्या मेहुण्याला बडतर्फीची धमकी मी स्वतःच्या बोटांनी टाइप केली आणि 'पाय' या शब्दात दोनदा चुकलो.

त्या रविवारी मी थेरगावला गेलो तर ताईनं चूल पेटवली नव्हती. "तुझ्या दाजींना म्हणावं, आता पायच शिजवा," ती म्हणाली. त्या वर्षी नदीच्या पुरानं निम्मी जमीन वाळूखाली गेली होती आणि फाउंड्रीची नोकरी हाच काय तो आधार होता. दाजी ओसरीवर बसले होते. मी म्हटलं, "दाजी, एका बुटाचा प्रश्न आहे."

"दोन बुटांचा," दाजी म्हणाले. "आन् ज्या दिशी देसाच्या पोरांनी घातले आन् तरी जिंकली, त्या दिशी बघू. तवर म्या त्येंच्या पाठीशी हाय."

एक तारखेला चार दिवस उरले असताना ती बातमी आली. टाइम ऑफिसात येणाऱ्या पेपरात आतल्या पानावर, सहा-सात ओळी: येत्या ऑलिंपिकसाठी आपला फुटबॉल संघ पात्र ठरला. खाली संघाचा फोटो होता. पुढच्या रांगेतले खेळाडू मांडी न घालता पाय पुढे सोडून बसलेले, आणि सगळ्यांच्या पायांत बूट. फोटोत चेहऱ्यांपेक्षा बूटच मोठे दिसत होते. मी पेपर घडी करून ड्रॉवरमध्ये टाकला. पण फोरमनसाहेबांनी तो आधीच पाहिला होता. जेवणाच्या सुटीत ते यार्डात गेले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "अहो, तुमचा संघ गेला ऑलिंपिकला. बूट घालून! आता काय करणार?"

तेवढ्यात ओतकामाकडचा एक जण म्हणाला, "कसलं गेला? समोरचे मैदानात आलेच नाहीत म्हणे."

"का आले न्हाईत, त्ये इचार त्येंना," दाजी त्याच्याकडे न बघता म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "पाव्हणं, पेपर आना."

मी पेपर आणला. दाजींनी तो ओतीव भागांच्या ढिगावर पसरला आणि फोटोवर वाकले. वाचायला त्यांना वेळ लागायचा, पण हे वाचणं नव्हतं. सुटी संपत आली, माणसं पांगली, साहेब घड्याळ बघत उभे राहिले. दाजींनी पुढच्या रांगेतल्या एका खेळाडूवर बोट ठेवलं.

"ह्याचं तोंड बघा. टाचंला बूट चावतोया त्याच्या." मग दुसऱ्यावर. "ह्यो बी. ह्यानं नाड्या सैल सोडल्यात." मग पेपर नीट घडी करून मला दिला आणि म्हणाले, "न्हाई काढून फेकले त्येंनी. सोसलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फाटकापाशी हजेरी घेत होतो. थेरगावच्या वाटेनं दाजी येताना दिसले. चाल ओळखू येईना. फाटकात घालण्यापुरते नव्हे, घरापासून बूट घालून आले होते, तीन-चार मैल. नदीत उतार होता तिथं काढून डोक्यावर धरले आणि पलीकडे पुन्हा घातले, असं मागाहून कळलं. दोन्ही टाचांवर बुटाच्या कडेला रक्ताचे डाग होते. मी म्हटलं, "दाजी, निदान फडकं तरी बांधायचं." ते म्हणाले, "त्येंनी बांधलं असंल का?" आणि आत गेले. दिवसभर ओझी वाहिली. खांबाकडे गेले नाहीत.

मला वाटलं, संपलं. ताईला निरोपही धाडला, की चूल पेटव. पण फोरमनसाहेबांना वरून हुकूम होता, की मेमो मागे घ्यायचा तर कामगाराकडून लेखी पाहिजे. साहेबांनी मजकूर सांगितला, मी टाइप केला: 'आजपर्यंत मी बूट वापरले नाहीत ही माझी चूक झाली. त्याबद्दल मी दिलगीर आहे.' मी तो दाजींना दोनदा वाचून दाखवला. दाजी साहेबांच्या टेबलापुढे उभे होते, एक पाय दुसऱ्या पायाच्या पुढे, कारण सरळ उभं राहवत नव्हतं.

"बूट घातले न्हवं मी?"

"घातलेत. म्हणूनच तर म्हणतोय, सही करा आणि मोकळे व्हा," साहेब म्हणाले. "कागदापुरतं आहे हो."

"मंग चूक कशाची?"

"आधी घातले नव्हते त्याची."

दाजींनी कागद हातात घेतला. "साहेब, त्या पोरांनी आता बूट घातले. आधी अनवानी खेळलो त्याची माफी मागितली का कुनाकडं?" दाजींनी कागद परत टेबलावर ठेवला. "अनवानी खेळले म्हनून तर देसाला ठावं झालं की आपल्याला बी खेळता येतंय. त्ये चूक न्हवतं. आन् आता घातले ते बी चूक न्हाई. म्या तुमच्या नोटिशीसाठी घातले न्हाईत. उद्या बी घालीन, परवा बी घालीन. पर सही न्हाई करनार."

"मग मला तुमचं नाव काढावं लागेल," साहेब हळूच म्हणाले. मला खात्री आहे, ते त्यांना नको होतं.

"काढा," दाजी म्हणाले. "माजं नाव तुमी ठिवलेलं न्हाई."

एक तारखेला नाव गेलं. लाल शाईची रेघ मीच मारली. दाजींनी बूट रात्री धुऊन, तेल लावून स्टोअरच्या खिडकीत परत दिले, पावती मागितली आणि अनवाणी घरी गेले. टाचा भरून आलेल्या नव्हत्या, त्यामुळे रस्त्याच्या कडेच्या गवतावरून चालत होते. मी हजेरीच्या खिडकीतून पाहत होतो. मागे धावत जावं असं फार वाटलं. भोंगा झाला, माणसं रांगेत उभी राहिली, मी हजेरी घेतली. आजही ते दृश्य आठवलं की मला माझीच लाज वाटते, आणि ती वाटणं बरोबरच आहे.

ताई आठ दिवस त्यांच्याशी बोलली नाही. नवव्या दिवशी त्या दोघांनी मिळून जमिनीवरची वाळू उपसायला घेतली. मी सुटीला मदतीला जायचो. ताई घमेलं उचलता उचलता मला म्हणाली, "सही केली असती ना, तर मी यांना घरात घेतलं नसतं." मी म्हटलं, "मग चूल का बंद ठेवली होतीस?" ती म्हणाली, "ते बुटासाठी होतं. सहीचं वेगळं." एकाच घरात दोन दाजी आहेत, हे मला तेव्हा कळलं.

त्या वर्षाअखेरीस आपला संघ ऑलिंपिकमध्ये चौथा आला. ती बातमी थेरगावला घेऊन गेले ते स्वतः फोरमनसाहेब, सायकलवरून. क्रिकेटचा माणूस बांधावर बसला आणि त्यानं दाजींना विचारलं, की ऑफसाइड म्हणजे नक्की काय. दाजींनी चार ढेकळं मांडून समजावलं. मला वाटतं, त्यांनाही ते पुरतं माहीत नव्हतं. पण दोघं मावळतीपर्यंत ढेकळं हलवत बसले. उठताना साहेब म्हणाले, की कंपनीचा फुटबॉल संघ काढतोय, शिकवायला कुणी नाही. नोकरीबद्दल दोघांपैकी कुणीच बोललं नाही.

मग दर शनिवारी दाजी कंपनीच्या मैदानावर यायचे. पोरं-पोक्ती मिळून पंधरा माणसं. त्यात साहेबांच्या हुकमानं मीही. दाजी एकेकापुढे गुडघे टेकून बसायचे, बूट चढवायचे, बोट घालून टाच तपासायचे, नाड्या बांधायचे. कुणी बूट नको म्हटलं तर खेळूच द्यायचे नाहीत. स्वतः मात्र अनवाणी. मी एकदा विचारलं, "दाजी, मग तुम्ही का नाही घालत?"

"पात्र ठरलेल्यांनी घालायचे," ते माझी नाडी आवळत म्हणाले. "म्या कुठं ठरलोय?" बोलले साधेपणानं, जशी एखादी माहिती द्यावी. पण नाडी नेहमीपेक्षा घट्ट बसली.

आमचा पहिला सामना दिघीच्या लष्करी संघाशी झाला आणि आम्ही व्यवस्थित हरलो. दाजी रेषेबाहेरून शेवटपर्यंत ओरडत होते. सामना संपल्यावर तिकडचा एक सुभेदार त्यांच्याकडे आला आणि त्यानं हिंदीत विचारलं, आपण कुठल्या संघातून खेळत होता? दाजी क्षणभरही न थांबता म्हणाले, "थेरगाव." सुभेदाराला ते गाव कुठं आहे ठाऊक नव्हतं, पण त्यानं मान लववली, जणू एखाद्या मोठ्या शहराचं नाव ऐकलं.

संध्याकाळी आम्ही दोघं नदीकडे चालत होतो. दाजी पुढे, मी मागे, लंगडत. पलीकडच्या काठाला दिवे लागत होते. पाण्याशी आल्यावर दाजी थांबले.

"पाव्हणं, ह्या आपल्या गावांतनं, पिंपरी म्हना, थेरगाव म्हना, एखादा गडी जाईल का हो कदी देसाच्या संघात?"

आमचा खेळ मी नुकताच स्वतः खेळून पाहिला होता. तरी म्हटलं, "का नाही जाणार?"

दाजी मागे वळले. "तसं नका म्हनू. 'जाईल' म्हना."

"जाईल," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली आणि पाण्यात पाय घातला. त्याला आता खूप वर्षं झाली. दाजी नाहीत, ताई नाही. फुटबॉलच्या संघात आमच्या गावांतून कुणी गेल्याचं अजून माझ्या कानावर आलेलं नाही. पण कुणी विचारलंच, तर मी उलटा प्रश्न करत नाही, 'जाईल' म्हणतो.